खारवट जमिनीत फुलझाडांचा निभाव

मनमाड, नांदगाव, चांदवड आणि येवले या टापूत विहिरीजवळ दोनचार फुलझाडे नाहीत असा मळा विरळाच. देवपूजेपुरती जास्वंद व कण्हेर, एखादे मोगऱ्याचे आळे आणि दसरा-दिवाळीच्या बाजाराकरिता झेंडूच्या काही ओळी, इतके तरी बहुतेक ठिकाणी असते. अलीकडे कित्येक बागाइतदार शेवंती, निशिगंध व गुलाब यांचीही लागवड करू लागले आहेत. अशा बंधूंकडून एक प्रश्न वारंवार विचारला जातो, तो असा की, "आमची जमीन खारवट आहे, तीत कोणते फुलझाड येईल?" या प्रश्नास झाडांची नुसती यादी देऊन उत्तर दिल्यास ते निम्मेच होईल. जमीन खारवट आहे म्हणजे नेमके काय झाले आहे, आणि त्या स्थितीत झाड स्वतःचा बचाव कोणत्या मार्गांनी करते, हे समजल्यावाचून यादीचा उपयोग होत नाही. सबब या पाठात प्रथम जमिनीचा, नंतर झाडाचा आणि शेवटी लागवडीचा विचार करण्याचे योजिले आहे.

१. खारवटपणाचे दोन प्रकार

बोलण्यात आपण ज्या जमिनीस सरसकट खारवट म्हणतो, तिचे वस्तुतः दोन निरनिराळे विकार आहेत. पहिल्यात मातीतील पाण्यात विरघळणारे क्षार वाजवीपेक्षा अधिक साठलेले असतात. उन्हाळ्यात अशा जमिनीवर पांढरी साय धरते. हिला क्षारयुक्त जमीन म्हणतात. दुसऱ्यात विरघळलेले क्षार थोडे असले, तरी मातीच्या चिकण कणांस सोडियम हे द्रव्य बळकट चिकटून बसलेले असते. अशी माती भिजली असता लोण्यासारखी चोपडी होते आणि वाळली असता दगडासारखी कठीण होते. तीत पाणी मुरत नाही व हवा खेळत नाही. हीच चोपण जमीन होय. कित्येक ठिकाणी दोन्ही विकार एकत्र नांदतात.

अमेरिकेतील रिव्हरसाइड येथील क्षारभूमि-प्रयोगशाळेने १९५४ साली प्रसिद्ध केलेल्या ग्रंथात या दोहोंच्या मर्यादा ठरवून दिल्या आणि त्या आजही पुष्कळ ठिकाणी वापरात आहेत. मातीच्या संपृक्त अर्काची विद्युतवाहकता ४ डेसिसायमन प्रति मीटर याहून अधिक भरल्यास जमीन क्षारयुक्त समजावी. मातीच्या कणांस चिकटलेल्या कॅल्शियम, मॅग्नेशियम, सोडियम इत्यादी द्रव्यांत सोडियमचा वाटा शेकडा १५ हून अधिक भरल्यास ती चोपण समजावी. चोपण जमिनीचा सामू बहुधा ८.५ च्या वर असतो.

हा भेद आपल्याकडे अगदीच नवा नाही. महसूल खात्याच्या जुन्या दप्तराशी ज्यांचा संबंध आला आहे त्यांस ठाऊक असेल की, मुंबई इलाख्याच्या मोजणीखात्यासाठी गोल्डस्मिड, विंगेट व डेव्हिडसन यांनी १८४७ साली जो संयुक्त अहवाल तयार केला, त्यात प्रतबंदी करताना मातीची खोली व रंग यांबरोबरच तिचे दोषही खुणांनी नोंदावे असे ठरविले होते. त्या दोषांत पाणी न मुरणारी माती आणि उपळट ओलीचे आधिक्य हे दोन दोष होते. प्रत्येक दोषागणिक जमीन एक प्रत खाली उतरे. क्षार साठण्यास बहुधा हेच दोन दोष कारण होतात. पाणी खाली गेले नाही की ते वर उडून जाते, आणि उडून जाताना आपल्याबरोबरचा क्षार मागे ठेवून जाते.

आपली जमीन चोपण आहे की काय, हे घरच्या घरी पाहण्याची एक सोपी रीत आहे. काचेच्या पेल्यात स्वच्छ पावसाचे पाणी घ्यावे. त्यात बोराएवढे वाळलेले ढेकूळ अलगद सोडावे आणि ढवळू नये. काही तासांनी ढेकूळ नुसते फुटून तळाशी पडले व वरचे पाणी निवळ राहिले, तर सोडियमचा जोर नाही. ढेकळाभोवती ढगासारखी गढूळ कड पसरली आणि दुसरे दिवशीही पाणी निवळले नाही, तर ती माती चोपण होऊ लागली आहे असे समजावे. या परीक्षेस विहिरीचे पाणी घेऊ नये, कारण त्यातील क्षारांमुळेच गाळ खाली बसतो व फसगत होते. ही परीक्षा केवळ इशारा देणारी आहे. उपाय योजण्यापूर्वी वीतभर व त्याखालील हातभर खोलीचे वेगवेगळे नमुने मृद्‌चाचणी प्रयोगशाळेत तपासून घेणे अवश्य होय.

२. क्षार येतो कोठून

आपल्या काळ्या मातीचा जन्म बेसाल्ट खडकापासून झाला. हा खडक झिजताना कॅल्शियम, मॅग्नेशियम व सोडियम ही द्रव्ये सुटी होतात. जेथे पाऊस भरपूर असून निचरा चांगला आहे, तेथे ती वाहून जातात. आमचा टापू सह्याद्रीच्या पर्जन्यछायेत पडल्यामुळे ती बऱ्याच अंशी खोलगट भागात व भूगर्भातील पाण्यात राहतात. फाल्गुनानंतर विहिरी खोल जातात आणि कूपनलिकांवर भिस्त पडते, तेव्हा पाण्यातील क्षाराचे प्रमाणही पुष्कळ ठिकाणी वाढलेले असते.

पाण्यातून किती क्षार शेतात येतो याचा हिशेब प्रत्येकाने एकदा तरी मांडून पाहावा. पाण्याची विद्युतवाहकता १ डेसिसायमन असेल, तर त्याच्या एका लिटरात सुमारे ६४० मिलिग्रॅम क्षार असतो. ती २ असल्यास सुमारे १२८० मिलिग्रॅम, म्हणजे सव्वा ग्रॅमहून थोडा अधिक. एका गुंठ्यास ५ सेंटिमीटर उंचीचे एक पाणी द्यावयाचे म्हणजे सुमारे ५,००० लिटर पाणी लागते. त्याबरोबर ६.४ किलो क्षार त्या गुंठ्यात येऊन पडला. अशी दहा पाणी दिली की ६४ किलो, आणि एकराच्या मानाने पंचवीस क्विंटलांहून अधिक! झाड यातील अगदी अल्प भाग उचलते. उरलेला जर पावसाच्या पाण्याबरोबर खाली निघून गेला नाही, तर तो तेथेच शिलकेस राहतो आणि पुढील वर्षीची शिल्लक त्यावर चढते.

पाण्याची परीक्षा डाळीवरून करण्याची आपल्या घरांत रूढी आहे. ज्या पाण्यात डाळ शिजत नाही व साबणास फेस येत नाही, ते पाणी जड म्हणून वाईट, आणि ज्यात डाळ लवकर शिजते ते चांगले, असे मानतात. स्वयंपाकास हे खरे आहे. शेतीस मात्र ते नेहमीच लागू पडत नाही. पाण्याचा जडपणा कॅल्शियम व मॅग्नेशियम यांमुळे येतो, आणि कॅल्शियम हे तर मातीचे कण मोकळे ठेवणारे द्रव्य आहे. उलट एखाद्या कूपनलिकेच्या पाण्यात सोडियम बायकार्बोनेट असेल, तर त्यात डाळ चटकन मऊ होईल, फेसही भरपूर येईल, परंतु तेच पाणी वर्षानुवर्षे दिल्यास जमिनीतील कॅल्शियम चुन्याच्या रूपाने बसून जाईल, सोडियमचा वाटा वाढेल आणि जमीन चोपण होईल. म्हणून पाणी तपासण्यास द्याल तेव्हा एकूण क्षाराबरोबर सोडियम व बायकार्बोनेट यांचे प्रमाणही अवश्य विचारावे.

कालव्याखालील जमिनींस हाच विकार निराळ्या वाटेने जडतो. निरा नदीचा डावा कालवा १८८५ साली सुरू झाला. बारामतीकडील दुष्काळी मुलखात त्यामुळे बागाईत वाढली खरी. पण निचऱ्याची सोय नसल्यामुळे भूगर्भातील पाणी वर चढत गेले, आणि त्याबरोबर तळचा क्षारही वर आला. पुण्याच्या शेतकी कॉलेजचे प्रमुख डॉ. हॅरल्ड मॅन व श्री. तम्हाणे यांनी निरा खोऱ्यातील खाऱ्या जमिनींचा अभ्यास करून १९१० साली तो प्रसिद्ध केला. पुढे गोदावरी व प्रवरा कालव्यांखालीही तोच अनुभव आला. पालखेडच्या डाव्या कालव्याचे आवर्तन ज्यांस मिळते, त्यांनी ही गोष्ट ध्यानात ठेवण्यासारखी आहे. कालव्याचे पाणी गोडे असते, पण ते प्रमाणाबाहेर दिल्यास तळचा क्षार वर आणते.

३. झाड काय करते

आता झाडाकडे वळू. मूळ जमिनीतून पाणी ओढते ते अशासाठी की, मुळातील रस मातीतील पाण्यापेक्षा दाट असतो, आणि पाणी पातळाकडून दाटाकडे जाते. मातीतील पाणीच क्षाराने दाट झाले म्हणजे ही ओढ कमी पडते. अर्काची विद्युतवाहकता ४ असता मुळास सुमारे दीड वातावरण इतक्या दाबाचा अधिक विरोध सोसावा लागतो. म्हणून आळ्यात चिखल असूनही दुपारी झाड माना टाकते. पुष्कळजण अशा वेळी पाणी कमी पडले असे समजून तेच खारे पाणी आणखी देतात, आणि वाफ्यात क्षाराची भर पडते.

दुसरा त्रास विषाचा. सोडियम व क्लोराइड ही पाण्याबरोबर मुळातून खोडात व खोडातून पानात जातात. पानातून पाणी वाफ होऊन उडते, क्षार मात्र तेथेच राहतो. जे पान अधिक दिवसांचे, त्यात साठा अधिक. यामुळे जून पानांच्या कडा व शेंडे प्रथम करपतात.

या दोन्ही संकटांस तोंड देण्याचे झाडांचे मार्ग मुख्यतः चार आहेत.

पहिला मार्ग दारातच अडविण्याचा. मुळाच्या आतील बाजूस पेशींचे एक कडे असते. त्यातील मेणचट पट्टीमुळे पाण्यास पेशींच्या आतूनच वाट काढावी लागते. तेथे झाड उपयोगी द्रव्ये आत घेते आणि सोडियम पुष्कळसा बाहेरच ठेवते. आत आलेला सोडियमही काही मुळे पुन्हा मातीत लोटून देतात. हे काम कोणती जात किती नेटाने करते, यावर तिची सहनशक्ती पुष्कळ अंशी अवलंबून असते. नाशिककडील द्राक्षबागाइतदारांस याचा दाखला नवा नाही. पाण्याचा ताण व खारवट पाणी यांपासून बचाव व्हावा म्हणून ते गेली कित्येक वर्षे डॉगरीज खुंटावर द्राक्षाचे कलम करीत आले आहेत. गुलाबाचे कलमही रानगुलाबाच्या खुंटावर बांधलेले असते. तेव्हा गुलाब घेताना फुलाचा रंग जितका पाहतो, तितकाच खुंट कोणता हेही विचारावे.

दुसरा मार्ग आत आलेल्यास कोठडीत ठेवण्याचा. पेशीच्या मध्यभागी रसाची एक मोठी पोकळी असते. सहनशील झाडे सोडियम व क्लोराइड या पोकळीत कोंडतात, म्हणजे पेशीच्या कामकाजाच्या भागास त्यांचा उपद्रव होत नाही. घोळाच्या भाजीचे भावंड जो चिनी गुलाब, ज्यास कित्येक ठिकाणी ऑफिस टाइम म्हणतात, त्याची जाड रसाळ पाने पाहावी. भरपूर रसात क्षार पातळ करून ठेवण्याची ती सोय आहे.

तिसरा मार्ग क्षार बाहेर टाकण्याचा. कोकणच्या खाड्यांतील तिवर आणि निळ्या फुलांची काटेरी मारांडी यांच्या पानांवर क्षार बाहेर सोडणाऱ्या ग्रंथी असतात. कोरड्या हवेत पानावर मिठाचे कण हातास लागतात. फुलदाणीसाठी लावले जाणारे लिमोनियम हेही याच रीतीचे झाड होय. आपल्या मळ्यातील नेहमीच्या फुलझाडांस अशा ग्रंथी नाहीत. त्यांपैकी काही मात्र जून पाने गाळून त्यांबरोबर थोडा क्षार टाकून देतात.

चौथा मार्ग आपला रस दाट करण्याचा. झाड साखर, प्रोलीन यांसारखी द्रव्ये स्वतः तयार करून पेशीत साठविते, म्हणजे बाहेरचे पाणी दाट असूनही ओढ कायम राहते.

४. हा खर्च कोण सोसते

वरील चारही मार्ग फुकटचे नाहीत, ही गोष्ट या पाठाचे सार होय. सोडियम बाहेर लोटण्यास व कोठडीत कोंडण्यास शक्ती लागते. रस दाट करण्यास साखर लागते. गळून गेलेल्या पानाबरोबर अन्न तयार करणारा हातच जातो. झाडाचे उत्पन्न एकच, ते म्हणजे पानांनी उन्हात कमावलेले अन्न. त्यातून ही क्षारपट्टी प्रथम भागवावी लागते आणि उरेल त्यात वाढ व फूल. शिवाय पाणी वाचविण्याकरिता झाड पानांची रंध्रे आवळून धरते, त्यामुळे मुळात कमाईही कमी होते.

यावरून दिसेल की, "हे झाड खाऱ्या जमिनीत जगते" आणि "हे झाड खाऱ्या जमिनीत पैसे देते" ही दोन विधाने एक नव्हेत. क्षार वाढू लागला की प्रथम दांडा आखूड होतो, नंतर फुलांचा आकार व संख्या घटते, त्यानंतर पाने करपतात आणि सर्वांत शेवटी झाड मरते. बाजारात गुलाबाची व निशिगंधाची किंमत दांड्याच्या लांबीवर ठरते. तेव्हा झाड हिरवे दिसत असतानाच नुकसान सुरू झालेले असते. उलट झेंडू व गलांडा यांचे फूल दांड्याविना वजनावर विकले जाते. सबब दांडा थोडा आखूड झाल्याने त्यांचे फारसे बिघडत नाही. खारवट जमिनीत फूल निवडताना झाडाच्या काटकपणाइतकाच हाही विचार महत्त्वाचा आहे.

५. फुलझाडांची प्रतवारी

सहनशक्तीप्रमाणे नेहमीच्या फुलझाडांची स्थूल मानाने तीन वर्गांत वाटणी करता येते. जात, खुंट, हवा व पाणी यांनुसार थोडा फरक पडणारच, हे लक्षात असावे.

उत्तम सहनशील: कण्हेर, बोगनवेल, चिनी गुलाब व गलांडा. कण्हेर व बोगनवेल कुंपणास किंवा बांधास लावावी. कण्हेरीचे सर्व अंग विषारी असल्यामुळे छाटलेल्या फांद्या गुरांच्या तोंडी लागू देऊ नयेत. गलांडा हे मूळचे अमेरिकेतील झाड असून त्याच्या काही जाती तेथे समुद्रकाठच्या वाळूत आपोआप उगवतात. कोकणच्या पुळणीवर जांभळ्या फुलांची मर्यादवेल ज्या स्थितीत पसरते, तशाच स्थितीतून हे फूल आपल्याकडे आले आहे.

मध्यम सहनशील: झेंडू, शेवंती, निशिगंध, कोंबडा व सदाफुली. क्षार थोडा असून निचरा चांगला असल्यास यांपासून पदरात काही पडते. मात्र चोपण, पाणी धरून ठेवणाऱ्या जागी शेवंतीची मुळे कुजतात. तेथे अपयशाचे कारण क्षारापेक्षा हवेचा अभाव हे असते.

नाजूक: गुलाब, जरबेरा व ग्लॅडिओलस. मोगरा व जास्वंद यांसही खारवट जागी जपावे लागते. जास्वंद व गुलाब यांस चोपण किंवा चुनखडीच्या जमिनीत लोह मिळेनासे होते. लोह मातीत असते, परंतु सामू चढल्यामुळे ते विरघळत नाही.

६. लागवडीच्या रीती

निचरा प्रथम, बाकी सर्व नंतर. पाणी खाली जाण्यास वाट नसेल, तर कोणतेही औषध वा खत व्यर्थ होय. वाफ्याच्या खालच्या अंगास उघडा चर काढावा. मोठे क्षेत्र असल्यास जमिनीखालून सच्छिद्र नळांचा निचरा करावा आणि त्याचे तोंड ओढ्यास लावावे. ढोबळ मानाने एक फूट खोल मातीतून एक फूट पाणी खरोखर खाली निघून गेले, तर विद्राव्य क्षारांपैकी सुमारे चार-पंचमांश भाग धुऊन जातो. भारी काळ्या मातीत याहून अधिक पाणी व अधिक काळ लागतो. हे पाणी विकत आणण्याची आमच्या टापूत सोय नाही. म्हणून मृगापूर्वी बांध घालून पावसाचे पाणी वाफ्यातच जिरविणे हाच खरा उपाय.

जिप्सम कोणास द्यावे. जिप्सममधील कॅल्शियम हे चिकण कणांवरील सोडियमची जागा घेते, म्हणून ते चोपण जमिनीचे औषध आहे. केवळ क्षारयुक्त जमिनीस ते देणे म्हणजे क्षारात क्षाराची भर होय. किती द्यावे हे माती तपासूनच ठरवावे. ज्या मातीत चुनखडी आहे, तेथे गंधकही चालते. त्यापासून मातीत हळूहळू आम्ल तयार होते व ते चुनखडीतील कॅल्शियम मोकळे करते. धैंचा पेरून फुलोऱ्यापूर्वी गाडल्यास मातीत पोकळी येते. या सर्वांनंतर सुटलेला सोडियम धुऊन जाण्यास पुन्हा निचरा हवाच.

रोपाचे वय. बी उगवताना व रोप कोवळे असताना त्याची सहनशक्ती सर्वांत कमी असते. झेंडूचे बी खाऱ्या वाफ्यात टाकून ते उगवले नाही, एवढ्यावरून ती जमीन झेंडूस निरुपयोगी ठरवू नये. गोड्या मातीत व साठविलेल्या पावसाच्या पाण्यावर रोपे तयार करावी आणि चांगली मुळे धरल्यावर लावावी.

सरीवर जागा कोठे. सरीतून पाणी दिले म्हणजे ते वरंब्यात चढते आणि वाफ होऊन उडते, त्यामुळे क्षार वरंब्याच्या माथ्यावर गोळा होतो. सबब रोप माथ्यावर न लावता बगलेस, पाणी पोचते तेथून किंचित वर लावावे. ठिबकाने पाणी देणाऱ्यांच्या वाफ्यात हाच क्षार ओलीच्या कडेस वर्तुळ धरून बसतो. पहिल्या हलक्या सरीने तो आत मुळांकडे ढकलला जातो. म्हणून अशा पावसात ठिबक बंद करू नये. मोठा पाऊस पडून क्षार खाली जाईपर्यंत ते चालू ठेवावे.

पाणी देण्याची वेळ व रीत. खारे पाणी पानांवर शिंपडू नये, कारण पान ते थेट शोषून करपते. दुपारच्या उन्हात व कोरड्या वाऱ्यात पाने पाणी अधिक उडवितात आणि क्षार अधिक ओढतात, म्हणून पाणी सकाळी द्यावे. वाफ्यावर पाचट वा गवताचे आच्छादन घालावे. मातीतून वाफ कमी उडाली की क्षारही वर कमी चढतो.

खत. पालाश द्यावयाचे झाल्यास म्युरेट ऑफ पोटॅशऐवजी सल्फेट ऑफ पोटॅश वापरावे, कारण पहिल्यात क्लोराइड असते. रासायनिक खते स्वतः क्षारच आहेत. ती थोडी थोडी विभागून द्यावी. कुजलेले शेणखत मात्र सढळ हाताने द्यावे.

टंचाईतील पाणी. मनमाड शहराची पाणीटंचाई सर्वश्रुत आहे. वाघदर्डीच्या साठ्याकडे डोळे लावून बसणाऱ्या घरांत धुण्याभांड्याचे पाणी फुलझाडांस घालतात, हे योग्यच. परंतु साबण-सोड्यात सोडियम असतो आणि पाणी शुद्ध करणाऱ्या यंत्रातून बाहेर टाकलेल्या पाण्यात मूळच्या पाण्यातील क्षार एकवटलेले असतात. असे पाणी कण्हेर व बोगनवेल यांस द्यावे, मोगरा व गुलाब यांस देऊ नये. एकाच आळ्यात रोज न ओतता आळी पालटीत जावे.

हंगाम. पावसाळ्यात मुळांच्या थरातील क्षार वर्षातून सर्वांत कमी असतो आणि वैशाखात सर्वांत अधिक. आषाढ-श्रावणात लावलेला दसऱ्याचा झेंडू धुतलेल्या जमिनीत वाढतो. तोच झेंडू त्याच वाफ्यात त्याच विहिरीच्या पाण्यावर उन्हाळ्यात लावला, तर फसतो. मध्यम सहनशील फुले खारवट जमिनीत पावसाळी हंगामातच घ्यावी, असा नियम बांधून घ्यावा.

७. पानांवरून ओळख

पान वाचता आले म्हणजे शेतकऱ्यास प्रयोगशाळेच्या आधी सूचना मिळते. जून पानांच्या कडा व शेंडे तपकिरी होऊन करपले, कोवळी पाने मात्र हिरवी आहेत, तर क्षाराचा साठा झाला आहे. उलट कोवळी पानेच पिवळी पडून शिरा तेवढ्या हिरव्या राहिल्या, तर सामू चढून लोह मिळेनासे झाले आहे. माती ओली असता दुपारी झाड मलूल होते व सायंकाळी सावरते, तर मुळांभोवतीचे पाणी दाट झाले असण्याचा संभव आहे. मुळाशी खणल्यावर कुजका वास आला व मुळे काळी दिसली, तर निचरा बंद आहे. या चार खुणांस चार वेगवेगळे उपाय आहेत. सर्वांस एकच खत घालणे म्हणजे पैसा मातीत घालणे होय.

येथे नाजूक फुलझाडाचाही एक उपयोग ध्यानात येईल. गुलाब ज्या क्षाराने करपू लागतो, त्या क्षारात कापूस वा ज्वारी अद्याप निर्धास्त असते. तेव्हा ज्या विहिरीवर कापसाचा वा ज्वारीचा मळा आहे, तिच्या पाण्यावर दोन गुलाबांची झाडे असू द्यावी. मळ्यास पुढे जे भोगावे लागणार, त्याची वर्दी ती आधी देतात.

८. एक गुंठ्याचा प्रयोग

ज्यांस ही लागवड करावयाची आहे त्यांनी एकदम वीस गुंठे न गुंतविता पहिल्या वर्षी एकच गुंठा राखून ठेवावा. मे महिन्यात माती व पाणी तपासून आकडे वहीत लिहावे. मृगापूर्वी चर व बांध घालावा. श्रावणाच्या आरंभी वाफ्याचे चार सारखे भाग करून त्यांत गलांडा, झेंडू, शेवंती व निशिगंध लावावे आणि बांधाशी दोन गुलाब ठेवावे. दर पंधरवड्यास दांड्याची लांबी, तोडलेल्या फुलांचे वजन व करपलेल्या पानांची संख्या नोंदावी. दिलेल्या प्रत्येक पाण्यामागे वर सांगितल्याप्रमाणे किती किलो क्षार आला, तेही मांडावे. पुढील मे महिन्यात माती पुन्हा तपासावी.

दोन वर्षांचे मातीचे आकडे शेजारी शेजारी ठेवले म्हणजे जमिनीतील शिल्लक वाढली की घटली हे कळते. ती घटली असेल, तर निचरा लागू पडला असे समजून पुढील वर्षी क्षेत्र वाढविण्यास हरकत नाही. ती वाढली असेल, तर फुलांचे उत्पन्न त्या वर्षी कितीही चांगले आलेले असो, ते जमिनीच्या भांडवलातून काढलेले आहे, आणि पुढील पावसाळ्यापूर्वी चर खोल करणे हे पहिले काम होय.